फ्लशच्या टाकीचं झाकण एकदा उघडून बघा

रात्री सगळं शांत झालं की संडासातून एक बारीक 'स्स्स' ऐकू येतो, दहा-पंधरा सेकंद चालतो, थांबतो, आणि अर्ध्या पाऊण तासाने परत. कोणीही फ्लश केलेलं नसतं. आमच्याकडे हा आवाज कित्येक महिने येत होता आणि घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कोणी त्याबद्दल बोलायचं पण बंद झालं होतं. एका प्लंबरने वरवर बघून सांगितलं की टाकी जुनी झाली, पूर्ण बदलून टाका. मी त्या रविवारी झाकण काढलं आणि अर्धा तास नुसतं आत बघत बसलो, आठ-दहा वेळा फ्लश केलं, आणि मग पाणी बंद करून तळाचा व्हॉल्व बाहेर काढला तर त्याच्या रबराच्या चकतीला क्षाराचा तांदळाच्या दाण्याएवढा कडक कण चिकटलेला होता. तेवढ्या कणामुळे चकती एका बाजूने केसभर उचललेली राहत होती आणि पाणी दिवसरात्र कमोडमध्ये पाझरत होतं. कण नखाने काढला, रबर धुतलं, परत बसवलं. आवाज गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो की बिघाड व्हायची वाट बघू नका, टाकी चांगली चालू असतानाच एकदा उघडा आणि एक फ्लश शांतपणे बघा. आत खरं म्हणजे दोनच व्हॉल्व असतात, एक पाणी आत घेणारा आणि एक पाणी सोडणारा. काहीही बिघडलं की पहिला प्रश्न एवढाच, गडबड घेणाऱ्याची की सोडणाऱ्याची? हे कळलं की निम्मं काम झालं, उरलेलं हातानेच होतं.

झाकण काढताना

बऱ्याच टाक्यांचं झाकण चिनीमातीचं असतं, जड असतं आणि ओलं असेल तर हातातून सटकतं. ते बेसिनच्या कडेवर वगैरे ठेवू नका, जमिनीवर जुना टॉवेल टाकून त्यावर सपाट ठेवा, कारण झाकण फुटलं तर त्याच मापाचं नुसतं झाकण मिळवणं फार कठीण असतं. झाकणात बटण असेल तर आधी बटणाभोवतीची रिंग हाताने उलटी फिरवून काढायची मग झाकण सरळ वर उचलायचं. हात घालायला घाबरू नका, टाकीतलं पाणी म्हणजे नळातून आलेलं स्वच्छ पाणी असतं, कमोडमधलं पाणी उलटं टाकीत येत नाही.

आता बघा. एका कोपऱ्यात उभी नळी दिसेल, तिच्यावर वरखाली होणारा प्लास्टिकचा डबा किंवा लांब दांडीच्या टोकाला चेंडूसारखा फुगा असेल. हा फ्लोट. पाणी चढलं की तोही चढतो आणि ठरलेल्या उंचीला आला की आतला छोटा वॉशर किंवा पडदा दाबून पाण्याचं तोंड बंद करतो. हा झाला आत घेणारा व्हॉल्व, त्याला इनलेट व्हॉल्व, फिल व्हॉल्व किंवा जुन्या भाषेत बॉल कॉक म्हणतात.

मधोमध तळाला दुसरा व्हॉल्व. बाहेर हँडल असलेल्या टाकीत तो रबराचा पडदा असतो, फ्लॅपर, त्याला साखळी जोडलेली. दोन बटणांच्या टाकीत त्याच्याऐवजी एक उभा गोल डबा असतो आणि त्याच्या बुडाशी रबराची चपटी चकती म्हणजे सील. या व्हॉल्वलाच लागून एक उघड्या तोंडाची उभी नळी असते, ती ओव्हरफ्लो. समजा आत घेणारा व्हॉल्व बंदच झाला नाही तर टाकी काठावरून वाहून बाथरूमभर पाणी व्हायला नको म्हणून जादा पाणी या नळीतून गुपचूप कमोडमध्ये जातं. सोय चांगली आहे, पण याच सोयीमुळे पाणी वाया जातंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

झाकण उघडं ठेवून फ्लश करा. तळाचा व्हॉल्व उचलला जातो, पाणी काही सेकंदात खाली जातं, व्हॉल्व परत बसतो, फ्लोट खाली आलेला असल्यामुळे वरून पाणी सुरू होतं. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसेल, फिल व्हॉल्वमधून निघालेली एक बारीक नळी ओव्हरफ्लोच्या तोंडात पाणी सोडत असते. ती नळी बऱ्याच जणांना निरुपयोगी वाटते, पण फ्लश झाल्यावर कमोडमधलं पाणी परत योग्य पातळीला आणायचं काम तिचंच आहे. ती निसटून टाकीतच पडली असेल तर कमोडमध्ये पाणी कमी दिसतं आणि लोक उगाच दुसरीकडे बिघाड शोधत बसतात. फक्त ती नळी ओव्हरफ्लोच्या आत खोलवर खुपसू नका, तोंडाशी क्लिपने अडकवा, कारण तिचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं तर तीच हळूहळू सायफनसारखी पाणी ओढायला लागू शकते.

कमोडमध्ये काय होतं

एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते, कमोडच्या आत कोणताही हलणारा भाग नाही. एका बादलीत सहा-आठ लिटर पाणी घेऊन ते कमोडमध्ये एका दमात ओतलं तर पूर्ण फ्लश होतो, आणि तेच पाणी हळूहळू ओतलं तर काहीच होत नाही, पाणी नुसतं वाहून जातं. म्हणजे खेळ सगळा वेगाचा. टाकीचं काम एवढंच की सहा-सात लिटर पाणी तीन-चार सेकंदात सोडणं. जुन्या काळी टाकी डोक्यावर उंच असायची आणि साखळी ओढावी लागायची ते याचसाठी, उंचीमुळे पाण्याला जोर यायचा.

कमोडच्या मागे किंवा आत नळीला एक वळण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात, आणि त्या वळणात कायम पाणी साचून राहतं. ते पाणी म्हणजे बूच. गटारातला गॅस आणि वास त्या पाण्यामुळे घरात येत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ साली असं वळण असलेल्या संडासाचं पेटंट घेतलं होतं, आणि आजचा महागातला महाग कमोड सुद्धा त्याच वळणावर चालतो.

काही कमोड धक्क्यावर चालतात, वरून पाणी जोरात आलं की आतलं सगळं ढकललं जातं. काही सायफनवर चालतात, म्हणजे पाणी इतक्या झपाट्याने येतं की वळणाची नळी पूर्ण भरते, हवेला जागा राहत नाही, आणि पलीकडे खाली उतरणारं पाणी मागचं सगळं ओढून नेतं, शेवटी हवा आत शिरली की तो ओळखीचा गुडगुड आवाज येतो. कमोडमध्ये पाण्याचा पसरट मोठा साठा दिसत असेल आणि फ्लश करताना पाणी आधी थोडं चढून मग एकदम ओढलं जात असेल तर तुमचा सायफनवाला. याला वेग कमी पडलेला अजिबात चालत नाही, टाकीतली पातळी दोन बोटं कमी झाली तरी फ्लश अर्धवट होतो.

गळती शोधायची कशी

हा भाग नीट वाचा, कारण टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही. साधा हिशोब करा, मिनिटाला एक कप म्हणजे २०० मिलीलिटर पाणी पाझरत असेल तर दिवसाला २८८ लिटर होतात. मिनिटाला ५० मिलीलिटर, म्हणजे कमोडच्या भिंतीवरून येणारी जेमतेम दिसेल न दिसेल अशी धार, तिचे सुद्धा दिवसाला ७२ लिटर. एखाद्या घरात एवढं पाणी आंघोळीला लागत नाही.

रात्री झोपताना किंवा घरात कोणी नसताना टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका, ढवळा, आणि अर्धा तास कोणालाही फ्लश करू देऊ नका. अर्ध्या तासाने कमोडमध्ये रंग उतरलेला दिसला तर सोडणारा व्हॉल्व गळतोय. रंग फार वेळ ठेवू नका आणि बघून झालं की लगेच फ्लश करून टाका म्हणजे डाग राहत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते कारण तिने दोन्ही व्हॉल्वचा निकाल एकदम लागतो. टाकी भरू द्या, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा, आणि खालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा. तासाभराने बघा. पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर सोडणाऱ्याची गळती, फ्लॅपर किंवा सील. पाणी जिथल्या तिथे असेल पण कॉक चालू केल्यावर पातळी चढत चढत ओव्हरफ्लोच्या तोंडातून आत जायला लागली तर घेणारा बंद होत नाहीये. पाणी आधीच ओव्हरफ्लोच्या काठाला टेकलेलं असेल तर खूण करायची पण गरज नाही, उत्तर समोरच आहे.

सुरुवातीला सांगितलं तो अधूनमधून येणारा 'स्स्स' म्हणजे पहिला प्रकार, पाणी हळूहळू पाझरून पातळी थोडी उतरते, फ्लोट खाली येतो, टाकी स्वतःला परत भरून घेते. सतत न थांबता येणारा आवाज असेल तर बहुतेक वेळा दुसरा.

सोडणारा व्हॉल्व दुरुस्त करताना

अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या.

फ्लॅपर असेल तर तो दोन्ही बाजूच्या खुंट्यांवरून निघतो. रबर बोटांत धरून वाकवून बघा, कडक झालं असेल, वाकडं झालं असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर धुवत बसू नका, नवीन टाका. रबर ठीक असेल तर ज्या गोल कडेवर तो बसतो त्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर क्षार आहेत, पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवून भांडी घासायच्या मऊ स्क्रबरने घासा. साखळी फार ताठ असली तर फ्लॅपर पूर्ण बसत नाही, आणि फार सैल असली तर ती फ्लॅपरखालीच अडकते किंवा फ्लॅपर पुरेसा उचलला जात नाही. एक-दीड सेंटीमीटरचा ढिलेपणा पुरतो.

दोन बटणांचा डबा असेल तर तो सहसा पाव आटा उलटा फिरवला की सरळ वर निघतो, पान्हा लागत नाही, लागत असेल तर तुम्ही चुकीच्या दिशेने फिरवताय. त्याच्या बुडाशी असलेलं सील काढून धुवा. काही सील दोन्ही बाजूंनी सारखं असतं, एका बाजूला खळगा पडला असेल तर उलटं करून बसवलं तर काही काळ निभावतं, तोपर्यंत नवीन आणता येतं. नवीन आणायला जाताना जुनं सोबत न्या, फोटो नको, वस्तूच न्या, कारण ही सीलं दिसायला सगळी सारखी असतात आणि दोन मिलीमीटरने फसवतात.

आणि सील नवीन घालूनही गळती थांबली नाही तर झाकणातल्या बटणाखालच्या दांड्या बघा. त्या लांबीला फिरवून कमीजास्त होतात, आणि एखादी दांडी जरा लांब राहिली तर झाकण बसवल्यावर ती व्हॉल्वला कायम किंचित दाबून ठेवते. झाकण उघडं असताना गळत नाही, झाकण लावलं की गळतं, असं होत असेल तर हेच. दांडी आणि व्हॉल्व यांच्यात दोन-तीन मिलीमीटर मोकळी जागा ठेवा.

रबराला वंगण लावायचं असेल तर सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, बऱ्याच प्रकारची रबरं त्याने फुगतात आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट गळतात.

घेणारा व्हॉल्व

इथे आधी पातळी जुळवा. बऱ्याच टाक्यांच्या आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ कोरलेली असते, नसेल तर ओव्हरफ्लोच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटीमीटर खाली पाणी थांबलं पाहिजे. नवीन फ्लोटला बाजूला लांब स्क्रू असतो, तो फिरवला की पातळी वरखाली होते. जुन्या दांडीवाल्यात दांडीच्या मुळाशी स्क्रू असतो, पितळी दांडी असेल तर ती अगदी हलकी वाकवूनही चालतं. फुगा हलवून बघा, आत पाणी खळखळ वाजत असेल तर तो फुटलाय, तो कधीच पूर्ण तरंगणार नाही, बदला. फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा त्या बारीक नळीला घासत असेल तर तेवढंच सरकवून काम होतं, याकडे कोणी बघत नाही.

पातळी बरोबर आहे तरी पाणी बंद होत नाही किंवा टाकी भरायला दहा-दहा मिनिटं लागतात, मग कचरा. वाळूचा बारीक कण, पाइपातला गंज, पाण्याच्या लाइनचं काम झाल्यानंतर तर हमखास. दोन जागा बघायच्या. एक, अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाईप, म्हणजे कॉकपासून टाकीपर्यंत आलेली नळी, सोडवा, व्हॉल्वच्या शेपटीत बोटाएवढी जाळी असते, ती चिमट्याने ओढून ब्रशने धुवा. दोन, व्हॉल्वचं डोकं. ते बऱ्याच मॉडेलमध्ये थोडं फिरवून निघतं, आत रबरी पडदा दिसेल. पडदा काढून घ्या, व्हॉल्वच्या उघड्या तोंडावर एक कप उपडा धरा आणि दुसऱ्या हाताने कॉक दोन-तीन सेकंद हळूच उघडून बंद करा, म्हणजे आत अडकलेला कचरा पाण्याबरोबर बाहेर येतो आणि कपामुळे पाणी छतापर्यंत उडत नाही. कप विसरू नका. मग पडदा बसवा, बसवताना तो मूळ दिशेलाच ठेवा.

परत जोडताना प्लास्टिकचे नट हातानेच आवळा, फार तर शेवटी पाव आटा पान्ह्याने. जिथे रबरी वॉशर आहे तिथे टेफलॉन टेप गुंडाळायची गरज नसते, पाणी वॉशर अडवतो, आटे नाही. जास्त आवळल्यामुळे तडा जाऊन रात्री अचानक फुटलेले नट मी पाहिलेत, आणि त्याचं पाणी मग खालच्या मजल्यापर्यंत जातं.

फ्लश होतो पण जोर नाही

आधी बादलीची परीक्षा करा. बादलीने ओतलेल्या पाण्याने सगळं झटकन गेलं तर ड्रेनेज ठीक आहे आणि दोष टाकीत किंवा कमोडच्या कडेत आहे. बादलीनेही पाणी चढत राहिलं तर पुढे कुठेतरी अडलंय, मग टाकीशी खेळून उपयोग नाही.

दोष टाकीचा असेल तर पातळी कमी आहे का, किंवा व्हॉल्व पूर्ण उघडण्याआधीच बसतोय का हे बघा. हे ठीक असेल तर कडेच्या आतल्या भोकांकडे वळा. कमोडच्या काठाच्या आतून खालच्या बाजूला छोटी भोकं असतात, तिथून पाणी भिंतीवर येतं. जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात, ते तिथे हळूहळू साचतात आणि भोकं बुजतात. छोटा आरसा खाली धरून टॉर्च मारून बघा, पांढरा पिवळा दगडासारखा थर दिसेल. यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे झोपण्याआधी कॉक बंद करून टाकी रिकामी करायची, अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिडची पूड विरघळवायची आणि ते पाणी कमोडमध्ये नाही तर ओव्हरफ्लोच्या नळीत हळूहळू ओतायचं. ओव्हरफ्लोतून ते थेट त्या कडेच्या वाटेनेच जातं, म्हणजे जिथे क्षार आहेत तिथेच पोचतं. सकाळी भोकांत प्लास्टिकची बारीक काडी किंवा जुना टूथब्रश फिरवा आणि दोन फ्लश करा. थर जुना असेल तर आठवडाभर रोज रात्री करावं लागेल. लोखंडी तारेने खरवडू नका, वरची चकचकीत झिलई गेली की तिथे घाण दुप्पट वेगाने धरते.

तुंबलं तर

पाणी चढताना दिसलं की पुन्हा फ्लश करायचा नाही, हा पहिला नियम. घाबरून दुसऱ्यांदा बटण दाबलं जातंच, म्हणून घरात सगळ्यांना, लहान मुलांना सुद्धा, अँगल कॉक कुठे आहे आणि कुठे फिरवायचा ते दाखवून ठेवा.

प्लंजर घेताना बेसिनसाठीचा सपाट वाटीचा नको, ज्याच्या वाटीच्या खाली आणखी एक रबरी ओठ बाहेर येतो तो घ्या, तो कमोडच्या भोकात नीट बसतो. रबर पाण्याखाली बुडलं पाहिजे, कमी पाणी असेल तर थोडं ओता. पहिला दाब हळू, कारण वाटीतली हवा बाहेर काढायची असते, जोरात दाबलं तर घाण अंगावर उडते. मग दहा-पंधरा वेळा दाबा आणि ओढा, ओढण्यावर जास्त जोर द्या, बोळा नेहमी दाबाने नाही तर मागेपुढे हलून सुटतो. प्लंजरने झालं नाही तर स्प्रिंगची वाकणारी तार फिरवत आत सोडायची. उकळतं पाणी ओतू नका, थंड चिनीमातीवर उकळतं पाणी पडलं तर कमोडला तडा जाऊ शकतो.

काय टाकायचं नाही हे थोडक्यात सांगतो. ओले वाइप्स, पाकिटावर फ्लश करा असं लिहिलेलं असलं तरी नाही, कारण टॉयलेट पेपर पाण्यात विरघळतो आणि वाइप्स तसेच्या तसे राहतात. सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, केस, दातांचा दोरा, तेल. सेप्टिक टँक असेल तर हे आणखी कडकपणे पाळा.

वास आणि गुडगुड

महिनाभर न वापरलेल्या बाथरूममध्ये वास येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, एक फ्लश करा, झालं. वापरात असलेल्या कमोडमध्ये पाणी आपोआप खाली जात असेल किंवा शेजारच्या बेसिनचं पाणी सोडल्यावर कमोड गुडगुडत असेल तर गच्चीवर गेलेला हवेचा पाईप, म्हणजे व्हेंट, बुजला असण्याची शक्यता आहे, पक्ष्याचं घरटं किंवा पाला. हवा वरून मिळाली नाही की ड्रेनेज ती ट्रॅपमधून ओढून घेतं. उंचावरचं काम आहे, माणूस बोलवा. कमोड बसल्यावर डुगडुगत असेल आणि फ्लशनंतर बुडाशी पाणी दिसत असेल तर खालच्या जोडाचं सील गेलंय, हे पण जाणकाराचं काम आणि उशीर करायचं नाही, ते पाणी स्वच्छ नसतं.

भिंतीतली टाकी आणि टाकीविना फ्लश

भिंतीत गाडलेली टाकी बघून लोकांना वाटतं आता काही झालं तर टाइल्स फोडाव्या लागणार. नाही. बटणांची पाटी हीच आत जायची खिडकी असते, ती खालून वर ढकलून किंवा बाजूच्या स्क्रूने निघते, आणि दोन्ही व्हॉल्व त्याच खिडकीतून बाहेर येतील असेच बनवलेले असतात. पाण्याचा कॉकही बहुतेक आतच असतो. काढण्याआधी प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण आतल्या क्लिपा एका ठराविक क्रमानेच परत बसतात.

टाकीच नसलेला, थेट पाइपावरचा फ्लश व्हॉल्व असतो त्याचा प्रकार वेगळा. आत एक पडदा असतो आणि त्याला सुईएवढं भोक, त्यातून पाणी वरच्या बाजूला भरत गेलं की व्हॉल्व आपोआप बंद होतो. ते भोक कचऱ्याने बुजलं की फ्लश थांबतच नाही. तेव्हा लाइन बंद करून पडदा काढून धुणं एवढाच उपाय. मात्र याला पाइपात चांगला दाब लागतो, दाब कमी असेल तिथे हा प्रकार बसवूच नये असं माझं मत.

साफसफाईबद्दल दोन कडक गोष्टी

ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरायचं नाही, एकावर एक सुद्धा नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर हेही तसंच विषारी. एक वापरलं असेल तर दोन-तीन फ्लश करून, खिडकी उघडून, दुसरं दुसऱ्या दिवशी.

दुसरं, टाकीत टाकायच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या. पाणी रंगीत आणि सुगंधी दिसतं म्हणून बऱ्याच घरात असतात, पण क्लोरीनवाली गोळी रात्रंदिवस त्याच पाण्यात विरघळत राहते आणि फ्लॅपर, सील, वॉशर सगळं त्यातच बुडालेलं असतं. रबर लवकर कडक होतं आणि चिरतं. सुगंध हवाच असेल तर कमोडच्या काठाला अडकवायचा प्रकार घ्या.

पाणी वाचवताना

जुन्या टाक्या एका फ्लशला १३ लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घ्यायच्या. दोन बटणांची कल्पना ऑस्ट्रेलियात १९८० साली ब्रूस थॉम्पसन यांनी कॅरोमा कंपनीत काम करताना आणली, तेव्हा ती ११ आणि साडेपाच लिटरची होती, आज बऱ्याच ठिकाणी ६ आणि ३ लिटर दिसते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने नवीन कमोडला एका फ्लशला साधारण ६ लिटरची मर्यादा घातली. तुमच्याकडे जुनी मोठी टाकी असेल तर त्यात वीट टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, वीट झिजून तिची माती व्हॉल्वमध्ये जाते. पाण्याने भरलेली बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली ठेवा, फ्लोटला लागणार नाही अशी. पण मग दोनदा फ्लश करावा लागत असेल तर बाटली लगेच काढून टाका, एका पूर्ण फ्लशपेक्षा दोन अर्धवट फ्लशमध्ये पाणी जास्त जातं.

दर तीन-चार महिन्यांनी अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून परत उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो आणि नेमका पाणी वाहत असताना फिरत नाही. त्याच वेळी कनेक्शन पाईपच्या दोन्ही टोकांना कोरडा कागद लावून बघा, ओला झाला तर बारीक गळती आहे, आणि पाईपची विणलेली जाळी कुठे गंजलेली किंवा फुगलेली दिसली तर तो फुटायच्या आधी बदला. रंगाची परीक्षा सहा महिन्यांतून एकदा. आणि झाकण परत लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा, सील कोणत्या महिन्यात बदललं आणि ते कोणत्या मापाचं होतं.